टांकसाळ, पोतदार आणि ब्लॉक : मराठवाड्यातील हाली चलन व बिटकॉइनमधील ब्लॉक-आकाराचा वाद – एक तौलनिक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : हाली सिक्का, कलदार, पोतदार, बट्टा, विकेंद्रीकरण, ब्लॉकचा आकार, पडताळणी

प्रस्तावना :

नाणे कोण पाडतो, हा प्रश्न चलनाच्या इतिहासात वारंवार विचारला गेला आहे. नाणे कोण पारखतो, हा प्रश्न मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. राजाचे नाव, टांकसाळीचे ठिकाण, धातूचे वजन आणि कस यांची नोंद नाणकशास्त्राने काटेकोरपणे केली. परंतु बाजारात हातावर पडलेला रुपया खरा की खोटा, पुरा की बट्ट्याचा, हे ठरविण्याची क्षमता समाजातील किती लोकांजवळ होती, याचा विचार क्वचितच झाला. चलनव्यवस्था केंद्रित की विकेंद्रित, हे ठरविताना या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व पहिल्याइतकेच, किंबहुना अधिक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न एकविसाव्या शतकात अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उभा राहिला. २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइन या आभासी चलनाच्या अनुयायांमध्ये २०१५ ते २०१७ या काळात तीव्र वाद झाला. व्यवहारांची नोंद ज्या 'ब्लॉक'मध्ये होते त्याचा आकार वाढवावा की मर्यादित ठेवावा, हा त्या वादाचा विषय होता. वरवर पाहता तो संगणकतज्ज्ञांचा तांत्रिक मतभेद वाटतो. प्रत्यक्षात चलन अधिकाधिक लोकांना वापरता यावे की अधिकाधिक लोकांना तपासता यावे, असा तो पेच होता. हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याने हाच पेच वेगळ्या रूपात अनुभवला आहे. म्हणून या दोन अनुभवांची तुलना उद्बोधक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. मराठवाड्यातील अनेक टांकसाळींच्या व्यवस्थेपासून एकछत्री हाली चलनापर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेणे.
२. बिटकॉइनमधील ब्लॉक-आकाराच्या वादाची कारणे, क्रम व परिणाम यांची ऐतिहासिक मांडणी करणे.
३. 'विकेंद्रीकरण' या संकल्पनेचा अर्थ चलन पाडणारा व चलन पारखणारा या दोहोंच्या संदर्भात तपासणे.

अनेक टांकसाळी आणि एक पोतदार :

अठराव्या शतकातील दख्खनेत रुपया हे एकच नाणे नव्हते. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, बागलकोटी अशी अनेक नावांची रुपये-नाणी एकाच वेळी फिरत होती. शिवकालापासून चालत आलेली तांब्याची शिवराई खुर्द्यासाठी वापरात होती. टांकसाळ चालविण्याचा परवाना सोनार, सराफ किंवा सावकार यांना ठरावीक रकमेच्या मोबदल्यात दिला जाई. परवानाधारकाने वजन व कस राखावा अशी अट असे. पण ती पाळली जातेच असे नाही. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी मराठी राज्यातील चलन व टांकसाळी यांवर १८९९ मध्ये जो निबंध सादर केला, त्यातून या व्यवस्थेचे चित्र स्पष्ट होते. धारवाडकडील जमीनदारांनी हलकी नाणी पाडण्यास सुरुवात केल्यामुळे थोरल्या माधवरावांच्या काळात तेथील खासगी टांकसाळी बंद करून एकच टांकसाळ ठेवण्यात आली, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

निजामाच्या मुलखातही स्थिती फारशी वेगळी नव्हती. हैदराबाद, औरंगाबाद, गदवाल, नारायणपेठ अशा ठिकाणी नाणी पाडली जात. नाण्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे असे, नफा मात्र स्थानिक मक्तेदाराचा होई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकाराच्या घराण्याने संस्थानातील महसुलाचे मक्ते घेतले आणि औरंगाबादच्या टांकसाळीत रुपया पाडला. तो 'पेस्तनशाही' या नावाने ओळखला गेला. एका सावकाराच्या नावाने रुपया चालावा, यावरून नाणे पाडण्याचा अधिकार किती विखुरलेला होता याची कल्पना येते.

आजच्या परिभाषेत बोलायचे तर ही व्यवस्था 'विकेंद्रित' होती. परंतु या विकेंद्रीकरणाचा लाभ रयतेला झाला काय? याचे उत्तर शोधण्यासाठी टांकसाळीकडून गावाकडे वळावे लागते. महाराष्ट्रातील गावगाड्यात सोनाराकडे पोतदारीचे काम असे. सरकारी भरण्यात आलेले नाणे पारखणे, खोटे व झिजलेले नाणे बाजूला काढणे आणि प्रत्येक प्रकारच्या रुपयाचा बट्टा सांगणे हे पोतदाराचे काम होते. गावाचा हिशोब कुलकर्णी ठेवी व परगण्याचा देशपांडे ठेवी. एकाच वसुलीची नोंद दोन दप्तरांत होत असल्यामुळे एका दप्तरातील फेरफार दुसऱ्यावरून उघडकीस येण्याची शक्यता राही. नोंदींच्या दृष्टीने ही रचना निश्चितच शहाणपणाची होती.

परंतु पारख करण्याची विद्या मोजक्या हातांत होती. कसोटीचा दगड, तराजू व बट्ट्याचे ज्ञान पोतदाराकडे व सराफाकडे असे, शेतकऱ्याकडे नसे. चालू सालचा 'सिक्का' पूर्ण किमतीला आणि मागील सालांचा रुपया बट्ट्याने, अशी सराफीची जुनी रीत होती. शेतकऱ्याला धान्य विकताना एका जातीचा रुपया मिळे आणि सारा भरताना दुसऱ्या जातीचा मागितला जाई. या दोहोंमधील फरक सराफाच्या पदरात पडे. तात्पर्य, नाणी पाडणारे अनेक होते, पण पारखणारे थोडेच असल्यामुळे अनेक टांकसाळींच्या व्यवस्थेचा भार अंतिमतः ज्याला पारख करता येत नव्हती त्याच्यावरच पडला.

हाली सिक्का : एकीकरणाचा लाभ व किंमत :

ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात १८३५ च्या नाणेविषयक कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एकसमान कंपनी रुपया रूढ झाला. पुढे हाच रुपया मराठवाड्यात 'कलदार' म्हणून ओळखला जाऊ लागला. निजाम संस्थानात एकीकरणाचे काम पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत (१८५३–१८८३) झाले. खासगी टांकसाळींवर नियंत्रण आणून नाणी पाडण्याचे काम हैदराबाद येथे एकवटण्यात आले. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीची बादशाही संपुष्टात आल्यावर नाण्यावरील बादशहाचे नाव जाऊन तेथे आसफजाही घराण्याच्या संस्थापकाचे नाव आले. हा नवा रुपया 'हाली सिक्का', म्हणजे चालू नाणे, म्हणून प्रसिद्ध झाला. याच काळात महसुलाचे मक्ते रद्द होऊन रोख सारापद्धती व जिल्हा प्रशासन यांची घडी बसविण्यात आली.

रोख साऱ्यामुळे चलनाचा प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याच्या दारापर्यंत आला. त्या दृष्टीने एकच रुपया असणे ही मोठी सोय होती. बट्ट्याच्या अनेक पायऱ्या कमी झाल्या. मात्र बट्टा समूळ गेला नाही. तो गावातून सरहद्दीवर गेला. १८९३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडीसाठी बंद झाल्यानंतर कलदार रुपयाची किंमत चांदीच्या भावापासून विलग झाली आणि हाली व कलदार यांच्यातील विनिमयदर अस्थिर झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चारमिनारची प्रतिमा असलेला सुधारित रुपया काढण्यात आला आणि पुढे दर स्थिर करण्यात आला. १०० कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजेच सहा कलदारांस सात हाली, हा तो दर होय.

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाल्यावर नांदेड, उमरी व धर्माबाद ही स्थानके मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली. कापसाचा मुंबईतील भाव कलदारात ठरे, तर येथील शेतकऱ्याच्या हातात हाली पडे. त्या काळी बिलोली तालुक्यात मोडणाऱ्या नायगावसारख्या बाजाराच्या गावी, ज्याच्या नावालाच 'बाजार' हा शब्द जोडला गेला आहे, भाव समजून घ्यायचा तर दोन चलनांचा हिशोब करावा लागे. सहास सात हे प्रमाण तोंडी सोडविण्यास सोपे नाही. ज्याला ते जमे त्याचा व्यवहारात वरचष्मा राहणे स्वाभाविक होते.

१९१८ मध्ये संस्थानाने कागदी चलनाचा कायदा करून नोटा काढल्या. या नोटांवर उर्दू व इंग्रजीसोबत मराठी, तेलुगू व कन्नड या भाषांतही किंमत छापलेली असे. प्रजेच्या भाषेला दिलेले हे स्थान स्वागतार्ह होते. पण किंमत वाचता येणे आणि व्यवस्था तपासता येणे या भिन्न गोष्टी आहेत. १८८० च्या दशकापासून संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू झाली होती. मोडीतील गावदप्तर कुलकर्ण्याला वाचता येई व गावातील दोन-चार जाणत्यांना पडताळता येई. वरच्या कचेरीतील नोंद मात्र मराठी रयतेच्या आवाक्याबाहेर गेली. १९४० च्या दशकात हैदराबाद स्टेट बँकेची स्थापना होऊन चलनाचे व्यवस्थापन तिच्याकडे आले, तेव्हा केंद्रीकरणाची ही प्रक्रिया पूर्ण झाली.

केंद्रित चलन हे सोयीचे साधन असते, तसेच ते सत्तेचे साधनही असते, याचा प्रत्यय १९४७–४८ मध्ये आला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी 'जैसे थे' करार झाल्यानंतर लवकरच निजाम सरकारने वटहुकूम काढून संस्थानात भारतीय चलन विधिग्राह्य नसल्याचे जाहीर केले आणि मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंधने घातली. पाकिस्तानला भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने २० कोटी रुपयांचे कर्ज देण्याचाही निर्णय झाला. या निर्णयांत रयतेचा सहभाग शून्य होता. वऱ्हाडशी रोजचे दळणवळण असलेल्या सरहद्दीवरील गावांच्या खिशातील कलदार मात्र एका हुकुमाने संशयास्पद ठरला. ३० जानेवारी १९४८ रोजी स्टेट काँग्रेसच्या सरहद्द शिबिरातील स्वातंत्र्यसैनिकांनी गोदावरीपलीकडील उमरी येथील बँकेवर धाड घालून लाखो रुपये लढ्यासाठी हस्तगत केले. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील या घटनेकडे शौर्यकथा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. चलनाच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा आणखी एक अर्थ आहे. संपत्ती विखुरलेली असताना राज्याच्या आर्थिक नाडीवर एका ठिकाणी आघात करणे शक्य नसते. ती एका तिजोरीत एकवटली की तिचे रक्षण आणि तिच्यावरील आघात, दोन्हीही एकाच ठिकाणी होतात. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हाली व भारतीय रुपया काही वर्षे बरोबरीने चालले आणि १९५० च्या दशकात टप्प्याटप्प्याने हाली चलनातून गेला.

ब्लॉक-आकाराचा वाद : पार्श्वभूमी :

बिटकॉइनची संकल्पना 'सातोशी नाकामोतो' या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या टिपणात मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी तिचा पहिला ब्लॉक तयार झाला. या व्यवस्थेत मध्यवर्ती बँक नाही. सर्व व्यवहारांची एकच सामाईक खतावणी असते आणि तिची पूर्ण प्रत जगभरातील हजारो संगणक स्वतंत्रपणे जवळ बाळगतात. सुमारे दर दहा मिनिटांनी नव्या व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, या खतावणीला जोडला जातो. ब्लॉक तयार करण्याचे काम 'मायनर' करतात. त्यासाठी त्यांना मोठी संगणकीय शक्ती खर्चावी लागते व मोबदल्यात नवी नाणी आणि शुल्क मिळते. ब्लॉक नियमानुसार आहे की नाही हे तपासण्याचे काम पूर्ण प्रत ठेवणारे संगणक, म्हणजे 'नोड', करतात. नियमबाह्य ब्लॉक ते सरळ नाकारतात. मराठी गावगाड्याच्या भाषेत सांगायचे तर मायनर ही टांकसाळ आणि नोड हा पोतदार होय.

२०१० मध्ये नाकामोतो यांनी ब्लॉकचा आकार एक मेगाबाइटपर्यंत मर्यादित केला. निरर्थक व्यवहारांचा भडिमार करून कोणी खतावणी फुगवू नये, हा या मर्यादेमागील हेतू मानला जातो. त्या वेळी व्यवहार इतके थोडे होते की ही मर्यादा कोणाला जाणवलीही नाही. २०११ नंतर नाकामोतो सार्वजनिक चर्चेतून दूर झाले आणि मर्यादा तशीच राहिली.

या मर्यादेचे गणित सोपे आहे. एक साधा व्यवहार सुमारे २५० बाइट जागा घेतो असे मानले, तर एक मेगाबाइटच्या ब्लॉकमध्ये सुमारे ४,००० व्यवहार बसतात. म्हणजे सेकंदाला सात व्यवहारदेखील होत नाहीत. तुलनेसाठी, भारतातील यूपीआय या केंद्रित व्यवस्थेतून ऑगस्ट २०२३ या एका महिन्यात एक हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. ही सरासरी सेकंदाला ३,७०० हून अधिक येते. उलट बाजूचे गणितही तितकेच सोपे आहे. एक मेगाबाइटचे ब्लॉक भरून निघाले तर वर्षाला सुमारे ५२ गिगाबाइट खतावणी वाढते, आठ मेगाबाइटचे भरले तर सुमारे ४२० आणि वीस मेगाबाइटचे भरले तर सुमारे १,०५० गिगाबाइट. ही सर्व खतावणी उतरवून घेणे, तपासणे व जपणे ज्याला परवडेल तोच पोतदार राहू शकतो. महानगरातील माहिती-केंद्राला हा भार किरकोळ आहे. ग्रामीण भागातील सामान्य संगणक व मंद जोडणी असलेल्या व्यक्तीला मात्र तो व्यवस्थेबाहेर काढणारा आहे.

वादाचा क्रम :

मे २०१५ मध्ये गॅविन अँड्रेसन यांनी ब्लॉकची मर्यादा वीस मेगाबाइटपर्यंत वाढविण्याचा आग्रह धरला. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी व माइक हर्न यांनी 'बिटकॉइन एक्सटी' ही आज्ञावली पुढे आणली. तीत आठ मेगाबाइटपासून आरंभ करून दर दोन वर्षांनी मर्यादा दुप्पट करण्याची योजना होती. मोठ्या ब्लॉकच्या समर्थकांची भूमिका अशी की, चलन हे वापरासाठी असते. शुल्क वाढून गरीब माणूस बाहेर फेकला गेला तर विकेंद्रीकरणाचा उपयोग काय? लहान ब्लॉकच्या समर्थकांचे उत्तर असे की, पडताळणी महाग झाली तर मूठभर कंपन्या नियम ठरवतील आणि मग हे चलन व सामान्य बँक यांत भेद उरणार नाही. दोन्ही बाजू सामान्य माणसाच्या नावानेच बोलत होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

सप्टेंबर २०१५ मध्ये माँट्रियल येथे आणि डिसेंबर २०१५ मध्ये हाँगकाँग येथे या प्रश्नावर परिषदा झाल्या. हाँगकाँग येथे पीटर विले यांनी 'सेगविट' ही योजना मांडली. व्यवहारातील सह्यांचा भाग वेगळा हिशोबात धरून जुने नियम न मोडता क्षमता काहीशी वाढविणे, हे तिचे सूत्र होते. जानेवारी २०१६ मध्ये हर्न यांनी हा प्रयोग फसल्याचे जाहीर करून त्यातून अंग काढून घेतले. २०१६ हे वर्ष तडजोडींच्या अयशस्वी प्रयत्नांत गेले.

२३ मे २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे पन्नासहून अधिक कंपन्यांनी एक करार केला. सेगविट स्वीकारावे आणि पाठोपाठ ब्लॉकची मर्यादा दोन मेगाबाइट करावी, असे त्यात ठरले. एकूण संगणकीय शक्तीपैकी ८० टक्क्यांहून अधिक शक्ती या कराराच्या बाजूने असल्याचे सांगण्यात आले. म्हणजे बहुतेक टांकसाळी एका बाजूला आल्या होत्या. दुसरीकडे, सेगविटला पाठिंबा न दर्शविणारे ब्लॉक १ ऑगस्ट २०१७ पासून नाकारण्याचा निर्धार नोड चालविणाऱ्या काही वापरकर्त्यांनी जाहीर केला. टांकसाळीने पाडलेले नाणे पोतदाराने घेतलेच नाही तर ते नाणे कशाचे, असा हा पवित्रा होता. १ ऑगस्ट २०१७ रोजी मोठ्या ब्लॉकच्या समर्थकांनी वेगळे होऊन आठ मेगाबाइटचे 'बिटकॉइन कॅश' हे स्वतंत्र चलन सुरू केले. २४ ऑगस्ट रोजी मूळ साखळीवर सेगविट लागू झाले आणि पुरेसे मतैक्य नसल्याचे सांगून ८ नोव्हेंबर २०१७ रोजी दोन मेगाबाइटची योजना मागे घेण्यात आली.

परिणामांची चिकित्सा :

या घटनाक्रमाचे वर्णन अनेकदा लहान ब्लॉकचा विजय असे केले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र विजयानंतर काय घडले हे पाहणे अगत्याचे आहे. डिसेंबर २०१७ मध्ये गर्दी वाढताच एका व्यवहाराचे सरासरी शुल्क ५० डॉलरच्या वर गेले. छोटी रक्कम पाठविणाऱ्यास मूळ खतावणीवर व्यवहार करणे परवडेनासे झाले. यावर उपाय म्हणून जोसेफ पून व थॅडियस ड्रायजा यांनी सुचविलेले 'लाइटनिंग' जाळे २०१८ पासून प्रत्यक्ष वापरात आले. त्यात दोन पक्ष आपसांत अनेक व्यवहार करून केवळ अखेरचा हिशोब मुख्य खतावणीत नोंदवितात. पेढ्यांनी वर्षभर आपसांत हुंड्या वटवून शेवटी बाकीचाच रोख चुकता करण्याच्या रीतीशी तिचे साम्य आहे.

मोठ्या ब्लॉकच्या वाटेनेही एकी टिकली नाही. बिटकॉइन कॅशने मे २०१८ मध्ये मर्यादा ३२ मेगाबाइट केली. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये तेही दुभंगले. जागा वाढविली म्हणजे वापर वाढतोच असे नाही, हे त्यातून दिसून आले.

या दोन्ही वाटांपेक्षा वेगळी अशी तिसरी वाट बहुसंख्य सामान्य गुंतवणूकदारांनी धरली. त्यांनी ना नोड चालविला, ना स्वतःची किल्ली जवळ ठेवली. आपले चलन त्यांनी विनिमय-केंद्रांच्या स्वाधीन केले. येथे जुना सराफ नव्या रूपात परतला. फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानमधील माउंट गॉक्स आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही केंद्रे कोसळली. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय केंद्रातून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीस गेली व ग्राहकांचे पैसे अडकून पडले. गेनबिटकॉइन या योजनेच्या प्रकरणी २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी केलेल्या कारवाईनेही हेच दाखविले की, 'विकेंद्रित' या शब्दाच्या मोहिनीखाली लोकांनी प्रत्यक्षात एका मध्यस्थावरच विश्वास टाकला होता. या प्रत्येक प्रसंगी बिटकॉइनची मूळ खतावणी बिनचूक चालू होती. बुडाला तो, ज्याच्याजवळ ती तपासण्याचे साधन असूनही त्याने ते वापरले नाही किंवा त्याला ते वापरता आले नाही.

भारतात शासनव्यवस्थेचा प्रतिसाद सावध राहिला. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर बसविला. १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ व्यवहारांसाठी स्वतःचा डिजिटल रुपया प्रायोगिक तत्त्वावर आणला. हाली सिक्क्याने जे एकीकरण साधले, त्याचीच ही अंकीय आवृत्ती होय. तिचे लाभ आणि तिच्यातील सत्ता, दोन्ही त्याच जातीची आहेत.

तुलनेच्या मर्यादा :

दोन भिन्न युगांची तुलना करताना काही भेद दृष्टीआड करता येत नाहीत. हाली रुपयात चांदी होती. बिटकॉइनमागे धातू नाही. हाली रुपया न स्वीकारण्याचे स्वातंत्र्य रयतेला नव्हते, कारण सारा त्यातच भरावा लागे. बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती भारतात कोणावरही नाही. पोतदाराचे काम वंशपरंपरेने व वतनाने चाले. नोड चालविण्यास जन्माची अट नाही. हा शेवटचा भेद विशेष महत्त्वाचा आहे. गावगाड्यातील पारख जातीने बांधलेली होती. नव्या व्यवस्थेतील पारख तत्त्वतः सर्वांना खुली आहे. परंतु तत्त्वतः खुले असणे आणि प्रत्यक्षात परवडणे यांतील अंतर इंग्रजीचे ज्ञान, वीज, जोडणी आणि संगणक-साक्षरता यांनी भरलेले आहे. मराठवाड्यातील ग्रामीण महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्यांस हे अंतर निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

निष्कर्ष :

१. अनेक टांकसाळींच्या काळातील दख्खनमध्ये चलननिर्मिती विकेंद्रित होती. तथापि पारख करण्याची क्षमता मोजक्यांकडे असल्याने तिचा लाभ रयतेला मिळाला नाही. निर्मात्यांच्या संख्येवरून विकेंद्रीकरण मोजणे अपुरे ठरते.

२. हाली सिक्क्याच्या एकीकरणाने व्यवहार सुलभ केले, परंतु नोंद व निर्णय दोन्ही रयतेच्या नजरेआड नेले. १९४७–४८ च्या वटहुकुमांनी त्याची राजकीय किंमत दाखवून दिली.

३. ब्लॉक-आकाराच्या वादात २०१७ मध्ये टांकसाळींच्या बहुमतापेक्षा पारखणाऱ्यांचा नकार प्रभावी ठरला. चलनाच्या इतिहासात ही घटना दुर्मीळ आहे. तथापि वाढत्या शुल्कामुळे व किल्ली सांभाळण्याच्या कठीणपणामुळे सामान्य वापरकर्ता पुन्हा मध्यस्थाच्या आश्रयाला गेला.

४. क्षमता आणि पडताळणी यांतील ताण कोणत्याही आज्ञावलीने कायमचा सुटत नाही. क्षमता वाढविली तर पडताळणी महाग होते. पडताळणी स्वस्त ठेवली तर वापर महाग होतो. दोन्ही परिस्थितींत मधली जागा भरून काढण्यास कोणीतरी सराफ पुढे येतो.

५. म्हणून चलनविषयक साक्षरतेचा विचार करताना केवळ व्यवहार कसा करावा हे शिकविणे पुरेसे नाही. आपली नोंद कोठे आहे, ती कोणाला बदलता येते आणि आपल्याला ती तपासता येते काय, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे आवश्यक आहे. हाली रुपया बाजारात घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला हे प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आजच्या विद्यार्थ्याला ती आहे; ती वापरण्यास त्याला समर्थ करणे हे महाविद्यालयीन शिक्षणाचे काम आहे.